काटेवाल्याच्या घरातला काटा

काटेवाल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, आणि त्याचा धंदाच असा की त्या रागाला रोज नवा खुराक मिळे. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, शून्यावर आणून द्यायचे, हे त्याचं काम. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा दिसला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "गरिबाच्या पिशवीतलं चोरतोस? लाज नाही वाटत?" असं तो भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या तोंडावर विचारी. दुकानदार त्याला पाठीमागे शिव्या घालत आणि काटा बिघडला की त्यालाच बोलावत. त्याने जुळवलेल्या काट्यावर कोणी बोट ठेवू शकत नसे.

त्याचे दोन नियम होते. काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे हवं आणि आकडा मोठ्याने म्हटला पाहिजे. लपवलेला आकडा म्हणजे चोरी, असं तो म्हणे. स्कूटरवर पायाजवळ लोखंडी वजनं आणि डिकीत पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन तो दिवसभर हिंडे. पेटीत प्रत्येक वजनाला आपापला खळगा होता. संध्याकाळी घरी आल्यावर पितळी वजनं तो मऊ फडक्याने पुसून ठेवी आणि मगच चहाला बसे.

हे सगळं बाजारात ठीक होतं. घरात आणलं, तिथे घोटाळा झाला.

त्याला एकच मुलगी. दिवस भरायच्या आधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी, म्हणून नाव पडलं चिमी. 'जगते की नाही' अशी धास्ती पहिल्या वर्षी घराने घेतली, ती कोणाच्या मनातून पुढे गेलीच नाही. चिमीची आई कपड्यांच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जाई, त्यामुळे शाळा सुटली की चिमी तिच्या आत्याकडे. आत्या म्हणजे काटेवाल्याची थोरली बहीण, अक्का. आईविना पोरक्या झालेल्या भावाला तिने लहानाचं मोठं केलं होतं, आणि माया करायची तिला एकच रीत ठाऊक होती: ताट वाढायचं. पोर रडली, दे बिस्किट. गप्प बसली, शहाणी म्हणून दे गोळी. ताप आला, दे साखर घालून दूध. आणि स्वतःचा डोळा लागावा म्हणून दे टीव्ही लावून. खेळायला पाठवणार कुठे? इमारतीच्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या, रस्त्यावर टेम्पो. त्यात काटेवाल्याच्या घराण्यात सगळ्यांचीच हाडं रुंद. पोर फुगत गेली. तिने काय पाप केलं होतं? समोर आलं ते खाल्लं, एवढंच.

ती जड झाली आहे याची फिकीर कोणाला वाटली नाही. लोक हसायला लागले तेव्हा मात्र घराला एकदम लाज वाटू लागली. शाळेत खेळाच्या मास्तरने एकदा सगळ्या वर्गाला मैदानात रांगेत उभं केलं, एकेकाला काट्यावर चढवलं आणि आकडे ओरडून सांगितले. चिमीच्या आकड्याला तो वर म्हणाला, "बाई गं, काटा मोडशील." पोरं खदाखदा हसली. त्या दिवसापासून शाळेत तिचं नाव 'मालट्रक'. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून हॉर्न वाजायचे. घरी तिने चकार शब्द काढला नाही. आईला शेजारणीच्या मुलीकडून कळलं आणि तिने रडत रडत नवऱ्याला सांगितलं.

आता ज्याचा राग नाकाच्या शेंड्यावर, त्या माणसाने काय करायला हवं होतं? सरळ शाळेत जाऊन त्या मास्तरची बिनपाण्याने करायला हवी होती! बाजारात चिमूटभर धण्यांसाठी भांडणारा हा माणूस. पण शाळेच्या फाटकापाशी त्याचा राग मवाळ झाला. मास्तर शिकलेला, आपण काटेवाले. वरून मनात आलं, खोटं काय बोलला तो? आकडा तर खराच होता. मग बापाने संध्याकाळी काय केलं? दुरुस्तीला आलेला एक पायाखाली घ्यायचा काटा घरी आणला, जुळवला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवला.

दर रविवारी आंघोळ झाली की चिमीने त्यावर चढायचं. बाप आकडा वाचायचा, मोठ्याने. आई चहा गाळत असायची, अक्का सकाळीच येऊन बसलेली असायची, कधी शेजारचे काका पेपर मागायला आलेले असायचे. आकडा वाढला असला की घरात सुतक. कमी झाला असला की काटेवाला हसायचा, पाठीवर थाप मारायचा, स्कूटरवर मागे बसवून गावभर चक्कर मारून आणायचा. अक्काचं तर बघायलाच नको. एका हाताने चिमटा काढून म्हणणार, "केवढी सुटलीस गं, उद्या दारात मावणार नाहीस," आणि दुसऱ्या हाताने ताटात आणखी एक डाव वाढणार. पोरीने खायचं की नाही खायचं? नाही खाल्लं तर आत्या रुसते, खाल्लं तर बाप रुसतो.

बारावं वर्ष सरलं तशी चिमीने ठरवलं की खायचंच नाही. आधी गोड सोडलं, मग भात. मग डबा शाळेतल्या कुत्र्याला. ताटावर बसली की बटाट्याची फोड चिवडत चिवडत तिचे इतके तुकडे करायची की खाल्ल्यासारखं दिसावं. कधी भूक अनावर झाली की फडताळात हात घालून सापडेल ते भराभर गिळायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायची. रविवारचा आकडा उतरणीला लागला आणि सगळं जग खूश झालं! शेजारीण म्हणाली, "आता कशी माणसात आली." मास्तरने वर्गापुढे उभी करून टाळ्या वाजवायला लावल्या, ज्याने मालट्रक केली त्यानेच. काटेवाला दुकानादुकानांत सांगत सुटला, "जिद्द बघायची तर माझ्या पोरीची बघा."

आईच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके सापडत. उकाड्यातसुद्धा पोर स्वेटर घालून बसे, हात बर्फासारखे. तोंडाला आंबूस वास.

"अहो, काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "जेवण झालं की ही अर्धा तास नळ सोडून बसते."

"स्वच्छता शिकली तर तेही खुपतंय तुला?" काटेवाला खेकसला. "पोर सुधारली, चार लोक नाव घेतात. तुला बघवत नाही का?"

असं बोलणाऱ्याची जीभ का झडत नाही, कोण जाणे. ती माउली जाळीतले केस वेचायला गेली.

पुढे चिमी शाळेच्या जिन्यात कोसळली, तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथली डॉक्टरीणबाई मोजकं बोलणारी होती. तिने नाडी पाहिली, दातांची झीज पाहिली, हाताच्या मागच्या बाजूला दातांनी पडलेले व्रण पाहिले, आणि चिमीला बाहेर बसवून दोघांना आत घेतलं.

"हा हट्ट नाही आणि थेरंही नाहीत," ती म्हणाली. "हा आजार आहे. खाल्लेलं ती ओकून टाकते. यात मुलं दगावतात."

"अहो पण आधी ती एवढी जाड होती," काटेवाला म्हणाला. "वजन उतरवायला नको होतं का?"

"मदत तेव्हाही हवी होती. पण ती सगळ्या घराने करायची असते. सगळ्यांनी एकत्र बसून तेच जेवायचं, गोड पेयं सगळ्यांनीच बंद करायची, तिला खेळायला न्यायचं, झोप वेळेवर, आणि शाळेत कोण काय बोलतं ते बघायचं. तुम्ही काय केलंत?"

काटेवाल्याने रविवारच्या काट्याचं सांगितलं. मग तिने उपाय सांगितला. रोज ठरल्या वेळी जेवण, आईबापांपैकी एकाने शेजारी बसायचं, ताट संपेपर्यंत उठायचं नाही, उठल्यावर तासभर न्हाणीघर बंद. खाण्याच्या आजाराचे समुपदेशक आठवड्याला भेटतील. तिच्या शरीराबद्दल कोणी अक्षर बोलायचं नाही, चांगलंही नाही. घरातला काटा आजच्या आज बाहेर. वजन फक्त दवाखान्यात, आणि तेही काट्याकडे पाठ करून. आकडा तिला सांगायचा नाही.

"पाठ करून?" काटेवाला उसळला. "ज्याचं वजन त्यालाच दिसू द्यायचं नाही? ही कुठली रीत?"

"ती आकड्यावर जगते आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तिचं जगणं त्यातून सोडवायचं आहे. वजन वाढलं नाही तर मात्र दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल."

दाखल करायचं नाही, एवढं एकच चिमीने बापाजवळ मागितलं. "मी खाईन, बाबा. नळी नको." बापाने शब्द दिला. घरातला काटा त्याने कपाटावर उलटा करून ठेवला आणि दुपारच्या जेवणाला दुकानं सोडून घरी येऊ लागला. ताटापुढे बसून तो पोरीच्या घासाकडे डोळ्यांत तेल घालून बघे. आणि काय सांगावं, दवाखान्यातला आकडा वाढायला लागला! दर खेपेला थोडा थोडा. काटेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच सुमारास त्याच्या पेटीतलं अर्ध्या किलोचं पितळी वजन गेलं. मग दुसरं. मग किलोचं. खळगे रिकामे बघून त्याचा जीव खालीवर झाला. शेवटचं काम कोपऱ्यावरच्या वाण्याकडे केलं होतं, आणि त्या वाण्याचं पारडं त्याने पूर्वी पकडलं होतं. झालं! भर गर्दीत तो वाण्यावर तुटून पडला. "जुना हिशेब असा चुकवतोस? माझ्या पेटीत हात घालतोस?" वाणी शपथा घेत होता, त्याची म्हातारी आई हात जोडत होती, गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन निघून जात होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण ते कळायला अजून अवकाश होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईच्या कपाळावर आठ्या होत्या. "मला पटत नाही," ती म्हणाली. "काटा म्हणतो वजन वाढलंय. रक्त तसं म्हणत नाही. पोटॅशियम खाली गेलंय, ठोके मंदावलेत. आजच दाखल करा."

चिमीने बापाचा हात घट्ट धरला. आणि काटेवाल्याचा जुना राग जागा झाला. पोर एवढी खाते आहे, वजन चढतं आहे, आणि ही बाई खुशाल अविश्वास दाखवते? "तुमचा काटा खोटा आहे म्हणता?" त्याने विचारलं. खाली जाऊन स्कूटरवरची लोखंडी वजनं तो दोन हातांनी वर घेऊन आला. धापा टाकत, भर ओपीडीत, काट्यावर ती एकावर एक चढवली. आकडा वाचला. मोठ्याने. काटा अगदी बरोबर होता.

"बघा," तो म्हणाला. "आयुष्य गेलंय माझं यात. काटा खरा आहे. म्हणजे पोर वाढते आहे. आम्ही दाखल करणार नाही."

"काट्यावर मला शंका नव्हतीच हो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "निदान रोगी घालतात तो अंगरखा घालून पुन्हा मोजू द्या."

"पोरीचे कपडे काढायला लावणार? तेवढंच राहिलं होतं!" त्याने चिमीला उठवलं आणि सही करून, आपल्या जबाबदारीवर, घरी आणलं. येताना ती स्कूटरवर त्याच्या पाठीला चिकटून बसली होती आणि त्याला वाटलं, आपण जिंकलो.

दोन दिवसांनी दुपारी तो जेवायला घरी येत होता. शाळेचं दप्तर घेतलेली चिमी त्याच्यापुढे जिना चढत होती. मधल्या वळणावर तिने कठडा धरला, आणि धरता धरताच खाली घसरली. काटेवाल्याने तिला उचललं. उचललं आणि त्याचे हात थबकले. पोर हलकी होती, नुसता हाडांचा सापळा. पण कमरेशी जड होती. ज्या हातांनी जन्मभर वजनं उचलली त्यांना सांगावं लागलं नाही. फ्रॉकवरून चाचपलं. आईच्या कारखान्यातल्या चिंध्यांचा पट्टा कमरेला शिवलेला, आणि त्यात ओळीने त्याचीच पितळी वजनं. चालताना ओझं कोणाला कळू नये, सवय राहावी म्हणून ती हल्ली रोजच बांधत होती, हे मागाहून कळलं. चामडी सोलवटून तिथे रक्त आलं होतं.

दवाखान्यात ठोके इतके मंद होते की डॉक्टरीणबाईने एक शब्द न बोलता तिला अतिदक्षता विभागात हलवलं. "थोडं थोडंच द्यावं लागेल," ती एवढंच म्हणाली. "उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तरी हृदय बंद पडतं."

ती वाचते की नाही हे आठवडाभर कोणी सांगू शकलं नाही. काटेवाला बाहेरच्या बाकावर बसून सगळ्या जगावर चडफडत होता. त्या मास्तरवर, अक्कावर, शेजारणीवर. एकदा उठून तो वाण्याकडे गेला आणि भर गर्दीत त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडला. तिने पाय मागे घेतले. आणि चिमीने डोळे उघडले, नाकात नळी घेऊन ती जरा उठून बसली, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघालंच.

"चोरलीस तू!" तो पलंगापाशी फुटला. "माझ्या पेटीतून! बापाला फसवलंस! मी तुझ्यासाठी डॉक्टरशी भांडलो, त्या वाण्याला चोर केलं. का केलंस असं?"

आईने त्याचा दंड धरला. पण चिमी घाबरली नाही. एवढ्याशा आवाजात, तरीही एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"आकडा उतरला की तुम्ही हसायचात, बाबा. मला स्कूटरवरून न्यायचात. वाढला की आठवडाभर माझ्याशी बोलायचासुद्धा नाहीत. मग डॉक्टर म्हणाल्या वाढायला हवा, तर तुम्ही तेव्हाही हसायला लागलात. मला खाता येत नव्हतं. खाल्लं की भीती वाटते. म्हणून तुम्हाला आकडा दिला."

दरडावून बोलणारा काटेवाला पलंगापासून मागे सरला. बाहेर येऊन तो भिंतीशी उभा राहिला. तिथे रागावण्याजोगं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो स्वतःवर रागावला आणि भिंतीवर मुठी मारू लागला. तसा रागावून त्याने काही फार शहाणपण केलं असं नाही. नर्सबाईने येऊन सांगितलं, "काका, भिंतीला मारून काय होणार? आत जाऊन तिच्याशेजारी बसा. ती दूध घेते आहे." तो बसला.

महिन्या-दीड महिन्याने चिमी घरी आली. कपाटावरचा काटा भंगारात गेला होता. आजार मात्र घरीच होता. एकेका जेवणाला लढाई होई. चिमी ताट सरकवायची, रडायची, बापाला नको नको ते बोलायची. "तुम्हाला मला जाडच करायचंय! मेले असते तर परवडलं असतं!" समुपदेशकांनी बजावलं होतं, हे आजार बोलतो, पोर नाही, तुम्ही चिडायचं नाही आणि उठायचंही नाही. काटेवाला तिच्याशेजारी गाडल्यासारखा बसून राही. आतल्या आत त्याचा जळून कोळसा होई, पण तो एवढंच म्हणे, "मी इथेच आहे. पुढचा घास." कधी अर्धं ताट संपे, कधी तेही नाही. दवाखान्यातून सांगितलं होतं, पुन्हा घसरली तर पुन्हा नळी, आणि हृदय पुन्हा तेवढं सोसेल याची खात्री नाही.

असाच एक रविवार. भात, डाळ, उकडलेलं अंडं. चिमीने कुणी न सांगता अर्धी वाटी भात संपवला होता. आईने कालवण ढवळायच्या निमित्ताने तोंड फिरवून डोळे पुसले. आणि तेवढ्यात अक्का आली. दारातच चपला काढून, पिशवीतला गोडाचा पुडा हातात घेऊन ती चिमीपाशी जाऊन बसली आणि तिने गालाला चिमटा काढला.

"अगं बाई, गालावर मांस आलं की! छान झालं. हे घे, तुझ्यासाठी आणलंय. पण आता जरा बेतानं हं, नाहीतर पहिल्यासारखी व्हायचीस."

चिमीचा चमचा हातातून खाली पडला. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि डोळे न्हाणीघराच्या दाराकडे गेले.

"अक्का, ऊठ," काटेवाला म्हणाला.

"अरे, आत्ता तर बसले."

"ऊठ म्हणतो ना! तो पुडा उचल आणि चालती हो. खा म्हणून तूच मरमर वाढलंस आणि खाल्लं म्हणून तूच हिणवलंस. मीही तेच केलं, पण मी आता ते करत नाही. या घरात पुन्हा तिच्या अंगाबद्दल एक अक्षर बोललीस तर दाराबाहेर राहायचं. समजलं?"

आईच्या जागी असलेल्या बहिणीला तो जन्मात असं बोलला नव्हता. अक्काचा चेहरा पांढरा पडला. "मी वाढवलं रे तुला," ती म्हणाली. "या हातांनी भरवलं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून तर सांगतोय. ती मरेल, अक्का!"

अक्का पुडा घेऊन, पदर डोळ्यांना लावून गेली. तिच्यामागे दार आपटलं. खाली पडलेला चमचा काटेवाल्याने उचलला, धुतला, ताटाशी ठेवला आणि बसला. चिमी हलली नाही. 'पुढचा घास' म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

"बाबा," चिमी शेवटी म्हणाली.

"काय गं?"

"भात गार झालाय." तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. "गरम करून द्या."